दोन वार निळं कापड

कळंबोलीच्या शोरूममध्ये तुमच्यासमोर पाच तागे उलगडून ठेवलेत आणि ट्यूबलाइटखाली पाचही काळे दिसताहेत. काउंटरवरचा मुलगा शपथेवर सांगतोय की पाचही नेव्ही ब्लू आहेत, फक्त शेड वेगळी. मुलीच्या पासिंग आउटला दीड महिना उरलाय. करावे गावाजवळच्या ज्या कॅम्पसला लोक अजून टी. एस. चाणक्यच म्हणतात, तिथं ती पांढऱ्या गणवेशात संचलन करणार आणि तुम्ही पालकांच्या खुर्च्यांत बसणार. तिची एकच अट आहे. "बाबा, तो सफारी नको. साधा निळा ब्लेझर शिवा."

"जरा बाहेर उजेडात बघू का?" तुम्ही विचारता. मुलगा नाखुशीनं मान हलवतो. एक तागा खांद्यावर टाकून तुम्ही दार ढकलता.

पायाखाली डांबर लागत नाही. बांध लागतो, मऊ, पावसाळ्यात पडलेल्या खुरांच्या ठशांसकट वाळलेला. डाव्या हाताला कापणी झालेली खाचरं, त्यांत नुसती धसकटं. उजव्या हाताला खाडीचं पाणी, आणि बांधाच्या पोटात बसवलेली लाकडी उघाडी, भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी. इमारती नाहीत, स्टील मार्केट नाही, हॉर्न नाहीत. सिडको जन्माला यायला अजून बारा वर्षं आहेत. जिल्हा रायगड नव्हे, कुलाबा. राज्य महाराष्ट्र नव्हे, गुजरातसह एकत्र बांधलेलं द्वैभाषिक मुंबई. तारीख २२ नोव्हेंबर १९५८, वार शनिवार. गावाचं नाव तेवढं जागेवर आहे: रोडपाली.

खांद्यावरचा तागा नाहीसा झालाय. खिशात मात्र त्या काळच्या नोटा आहेत आणि दोन जातींची चिल्लर आहे, जुने आणे आणि गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून चालू झालेले नये पैसे. त्या कशा आल्या हे विचारत बसू नका, कापड घ्यायचंय.

खळ्यावर एक म्हातारा भाताच्या उडवीला टेकून बसलाय. रात्री राखणीला तो इथंच झोपत असणार, कारण शेजारी घोंगडी घडी करून ठेवलीय.

"कुठं चाललास रं?"

"मुंबईला. कोट शिवायचाय."

"कोट? या खारवाऱ्यान? घामान भिजशील ना."

प्रश्न अगदी रास्त आहे. ब्लेझर ही थंड, ओलसर देशातल्या नदीकाठची वस्तू, आणि तुमच्या गावची हवा वर्षातले निम्मे महिने ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. त्यावरचा अर्धा उपाय म्हाताऱ्याच्या शेजारीच पडलाय. घोंगडी हातात घ्या. दख्खनी मेंढीची लोकर, जाडीभरडी, टोचरी. पावसाळा सरला की देशावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, त्यांच्याकडून अशा घोंगड्या इकडे येतात. तिच्यावर तांब्यातलं चार थेंब पाणी टाका. थेंब वरच मोत्यासारखे थरथरत राहतात. लोकरीच्या तंतूचं पृष्ठ पाणी झटकतं, पण हवेतली वाफ मात्र तंतूच्या आत शिरते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही लोकर हाताला कोरडी लागते. घाम येणाऱ्या माणसानं लोकर घालावी हे उफराटं वाटतं, पण पॉलिएस्टरच्या कोटात अर्धा तास लग्नमंडपात बसून बघा. पॉलिएस्टर ओल घेतच नाही, सगळी तुमच्या सदऱ्याला परत करतं.

म्हणजे कापड लोकरीचं, हे खळ्यावरच ठरलं. कसली लोकर आणि कसली वीण, ते मुंबईत.

वाशीच्या खाडीवर पूल नाही, तो १९७३ मध्ये होईल. म्हणून तुम्ही मुंबई-पुणे रस्त्यावर येऊन ठाण्याची एस. टी. पकडता. शीळ, मुंब्रा, कळवा, मग ठाणे, तिथून लोकलनं बोरीबंदर. ठाण्याच्या पलीकडच्या टोकाला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी रेमंडची लोकरीची गिरणी आहे. १९२५ साली सुरू झालेली, पुढे ससूनांकडून १९४४ मध्ये सिंघानियांकडे आलेली. तुमच्या कोटाचं सूत बहुधा तिथंच कातलं गेलंय, पण ते बघायला आज वेळ नाही.

बॅलार्ड इस्टेट. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर जॉर्ज विटेटनं आखलेल्या त्या एकसारख्या दगडी इमारती, रुंद सावल्या, जहाज कंपन्यांच्या पितळी पाट्या. इथंच रेमंडनं याच वर्षी आपलं पहिलं दुकान उघडलंय, किंग्ज कॉर्नर. आत लाकडाच्या लांब काउंटरवर तागा धप्पकन पडतो आणि उलगडत जातो, तो आवाज ऐकायला तरी यावं. विलायती कापड मागून बघा. काउंटरवरचा माणूस ओठ दाबून हसतो. परकीय चलनाची चणचण आहे, आयातीचे परवाने आवळलेत, ज्यांच्याकडे युद्धाआधीचा इंग्लिश सर्ज पडून आहे ते तो सोन्याच्या भावानं काढताहेत. देशी घ्यायचं तर ठाणं आहे, कानपूरची लाल इमली आहे, पंजाबातलं धारीवाल आहे, बंगळूरची बिनी आहे.

दशमान मापांचा कायदा होऊन दोन वर्षं झालीत, पण कापड अजून वारानंच मोजलं जातं. लोकरीच्या कापडाचा पन्हा मोठा, म्हणून एका कोटाला दोन वार पुरतात. तुम्ही लगेच कापड फाडून घेत नाही. तीन निळ्या कापडांचे तीन बोटभर तुकडे मागून घेता आणि कागदात गुंडाळून खिशात टाकता. एवढी एक अक्कल कायम जपा: कापड शिंप्याला दाखवल्याशिवाय घेऊ नये. दुकानदार कापड विकतो, ते अंगावर कसं बसेल याची चिंता दुसऱ्याची.

ट्राम, धोबीतलाव, मग पायी ठाकूरद्वार. आतल्या गल्लीत एक पायरी चढून दुकान. भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर, त्याशेजारी नामदेव महाराजांची तसबीर, पाटावर दुमडलेला आजचा 'मराठा'. कोळशाच्या इस्त्रीचा वास आणि ओल्या लोकरीचा वास एकत्र. खुंट्यांवर डझनभर कोट लटकताहेत, सगळे उसवलेले. येत्या शुक्रवारी ब्रेबोर्नवर वेस्ट इंडीजशी पहिली कसोटी आहे, आणि क्रिकेट क्लबच्या सभासदांना अचानक कळलंय की गेल्या मोसमातला ब्लेझर पोटावर मिटत नाही.

"सगळ्यांना गुरुवारच्या आत हवाय," मास्तर मान वर न करता म्हणतात. "मी शिवताना आत दोन बोटं माया सोडली होती म्हणून हे आज श्वास घेणार. काही ठिकाणी शिवणीलगत कात्री मारतात. मग गिऱ्हाईक जाडा झाला की नवा कोट. धंद्याला बरं, पण आपल्याला जमत नाही ते. बोला, काय शिवायचंय?"

"ब्लेझर. निळा."

"ब्लेझर की नुसता कोट? सूटचा कोट पँटीशी लग्न लावून येतो, त्याला एकट्याला बाहेर काढलं की विधुरासारखा दिसतो. ब्लेझर जन्माचा ब्रह्मचारी. त्याचं कापड जरा खरबरीत लागतं, वीण डोळ्याला दिसावी लागते आणि बटणं कापडाहून वेगळी लागतात. नाहीतर लोक म्हणतील, याची पँट धोब्याकडे हरवली."

तुम्ही कागद उलगडता. मास्तर पहिला तुकडा चिमटीत धरतात आणि तुमच्या हातात देतात. फ्लॅनेल. त्यांच्या तोंडी फलालीन. मऊ, वर बारीक लव, वीण लवेखाली बुडालेली. तुम्ही अंगठा फिरवता.

बोटं गार पडतात. केंब्रिज, केम नदीचा काठ, एकोणिसाव्या शतकातली एक पहाट. धुकं इतकं की समोरची होडी आधी ऐकू येते, मग दिसते. वल्ही मारणाऱ्या पोरांच्या अंगात फ्लॅनेलची जाकिटं आहेत आणि ती निळी नाहीत, लालभडक आहेत. सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब. धुक्यातून आगीच्या ठिणग्या जाव्यात तसा तो लाल रंग सरकतो, आणि ब्लेझर हे नाव त्या भडकपणावरूनच पडलं असं म्हणतात. दुसरी एक गोष्ट सांगितली जाते, १८३७ सालची. एच. एम. एस. ब्लेझर नावाच्या जहाजाच्या कप्तानानं नव्या राणीसमोर आपले खलाशी नीटनेटके दिसावेत म्हणून त्यांना निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाकिटं शिवली. गोष्ट गोड आहे, पुरावा काही नाही. माझं मत विचाराल तर आजचा निळा ब्लेझर हे दोन घराण्यांचं मूल आहे. मोकळेपणा नदीवरच्या पोरांचा, आणि रंग, बटणं, करारीपणा समुद्रावरच्या अधिकाऱ्यांचा. ब्रिटिश आरमारानं अधिकाऱ्यांसाठी निळा गणवेश ठरवला तो १७४८ साली, आणि नीळ हा रंग ऊन नि खारं पाणी इतर रंगांहून चिवटपणे सोसत असे.

"फलालीन नको," मास्तर म्हणतात आणि तुम्ही परत गिरगावात आहात. "कापड गोजिरं आहे. पण लव म्हणजे हवा कोंडायची सोय. ती थंडीसाठी. शिवाय पावसाळ्यात कपाटात या लवेवर बुरशी पहिली बसते. तुम्ही कुठले?"

"रोडपाली. पनवेलजवळ. खाडीला लागून."

"मग नकोच."

दुसरा तुकडा सर्जचा. तिरप्या रेघांची घट्ट, कडक वीण. मास्तर विडी पेटवतात. तुकडा ओठांवर ताणून धरतात आणि आतून धूर फुंकतात. धूर कापडाच्या मागेच अडतो, मिशांतून दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. ते हसतात. "बघा. वाऱ्याला दार नाही." आणि तुकडा तुमच्या तळहातावर ठेवतात, अजून विडीच्या धगीनं कोमट.

कोमट होतं ते आता तापतं. डेक तापलाय. डिसेंबर १९२७, माझगावच्या धक्क्यासमोर नांगरलेलं डफरिन. १९०४ मध्ये इंग्लंडात बॅरोच्या गोदीत बांधलेलं हे जहाज आजवर पलटणींची ने-आण करत होतं. आता त्याची शाळा झालीय. हिंदी मुलांना व्यापारी जहाजांवरचे अधिकारी करण्याची पहिली शाळा. रत्नागिरी आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी जहाजांवर खलाशी, टंडेल, सारंग झाली. ब्रिजवर उभं राहून हुकूम द्यायची जागा मात्र त्यांची नव्हती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा मालक हिंदी होते, माल हिंदी होता, अधिकारी शोधून सापडत नव्हते. ते घडवायला हे जहाज इथं आणून बांधलंय.

तुम्ही रांगेच्या मागे उभे आहात. तुम्हाला कुणी बघत नाही. पहिल्या तुकडीच्या त्या मुलांत सोळा वर्षांचा एक आहे, रामदास कटारी. तुम्ही त्याच्याकडे बघायचं सोडून समोरच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा कोट निरखता, कारण तुम्ही कोटासाठी आला आहात. निळा सर्ज, दोन ओळी बटणं, एक पाखा दुसऱ्यावर चढवलेला. उत्तर समुद्रातल्या डेकवर ही युक्ती अस्सल आहे. वारा ज्या बाजूनं येईल त्याच बाजूचा पाखा वर घ्यायचा, छातीवर दुहेरी कापड, वाऱ्याला फट नाही. माझगावात वारा पडलाय. दुहेरी कापडाखाली माणूस शिजतोय. कॉलरच्या घडीवर घामाचं मीठ पांढरी रेघ होऊन बसलंय, आणि कोपरावर सर्ज घासून आरशासारखा चकाकतोय. तो हात पाठीमागे बांधतो तेव्हा काखेतला काळपट ओला डाग दिसतो. मुलांसमोर तो चेहऱ्यावरची रेषही हलवत नाही. तुम्ही मनात दोन गोष्टी टिपता: सर्ज नको, आणि दोन ओळी बटणंही नकोत.

हे डफरिन १९७२ पर्यंत टिकेल. मग 'राजेंद्र' येईल, त्यानंतर १९९३ मध्ये करावेच्या जमिनीवर 'चाणक्य', जे जहाज नसून नाव तेवढं जहाजाचं आहे. तुमची मुलगी ज्या रांगेत चालणार ती रांग इथं, या डेकवर लागलीय.

"सर्ज मरत नाही," मास्तर सांगताहेत, "पण चकाकतो. बसायच्या जागी आणि कोपरावर. दहा वर्षांनी माणूस मागून चमकायला लागतो." त्यांच्या शिलाई मशीनवर भिंतीला वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो चिकटवलाय. व्हाइस ॲडमिरल कटारी. २२ एप्रिलला त्यांनी नौदलप्रमुखपद घेतलं, पहिलेच भारतीय. मास्तरांनी तो देशाभिमानानं लावलाय की लॅपलची कड अभ्यासायला, कोण जाणे. दोन्हींसाठी असावा. फोटोवर खडूची एक खूण आहे, बरोबर लॅपलच्या खाचेपाशी.

तिसऱ्या तुकड्याला मास्तर 'मॅटी' म्हणतात. दोन उभे धागे, दोन आडवे धागे, चटईसारखे एकमेकांखालून गेलेले. विलायतेत यालाच हॉपसॅक म्हणतात. सूत मात्र वरस्टेडचं, म्हणजे लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले आणि लांब तंतू पिळून घेतलेले, म्हणून वर लव नाही. मास्तर पुन्हा धूर फुंकतात. या वेळी धूर सरळ आरपार येतो, गल्लीच्या उजेडात निळसर. तुम्ही तुकडा धरता आणि कुठंही जात नाही. ठाकूरद्वारलाच आहात. बरं वाटतं.

"हे घ्या. पण तीन गोष्टी ऐका."

ते खरोखर तीन सांगत नाहीत, सात-आठ सांगतात, आणि क्रम लावत नाहीत. मोकळी वीण अडकते, घड्याळाच्या पट्ट्यात, बायकांच्या बांगड्यांत, लोकलच्या दाराच्या खिळ्यात. धागा ओढला गेला तर ओढून तोडायचा नाही, सुईनं मागे ढकलायचा. वजन अकरा औंसांचं घ्या, आठचं नको. आठ औंसांचं कापड हवेतल्या दमटपणानं लुळं पडतं आणि अंगावर लोंबतं. कोटानं आपल्या वजनानं खाली पडायला हवं, ते वजनच सुरकुती काढतं. (अकरा औंस वाराला म्हणजे आजच्या भाषेत मीटरला ३४० ग्रॅमच्या आसपास. आज कळंबोलीतला मुलगा याला ब्लँकेट म्हणेल. आपल्याकडे २६० ते २८० च्या मॅटीत भागतं, त्याखाली मात्र उतरू नका. आणि 'सुपर १५०' वगैरे आकडे सांगितले तर एवढंच लक्षात ठेवा की आकडा तंतू किती बारीक ते सांगतो, कोट किती टिकेल ते नाही. जितका बारीक तितका लवकर चुरगळतो. रोज गाडीत बसणाऱ्याला १०० पुष्कळ.)

मग मास्तर तुकड्यातून एक धागा ओढून काडीनं पेटवतात. केस जळल्याचा वास, आणि राख बोटात दाबली की भुगा. लोकर शुद्ध. भेसळ असती तर राखेऐवजी कडक मणी राहिला असता. हा धडा तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. टेरीनची, टेरीकॉटची लाट येत्या दशकात येतेय.

"आता रंग." ते तुम्हाला पायरीवर नेतात, स्वतःची काळी छत्री उघडतात आणि तुकडा तिच्या कापडावर ठेवतात. काळ्याशेजारी निळा लगेच कबुलीजबाब देतो. एका निळ्यात लाल झाक असते, तो संध्याकाळी दिव्याखाली जांभळा पडतो. एकात हिरवी, तो दोन उन्हाळ्यांत विटका दिसायला लागतो. तुमचा दोन्हींच्या मध्ये आहे. "तुमचा कार्यक्रम सकाळी की रात्री?" सकाळी, मैदानावर. "मग याहून गडद नको. उन्हात काळा कोट वकिलाचा दिसतो."

कापडावर माणसं तासभर घालवतात आणि कोटाच्या पोटात काय जातं ते विचारतही नाहीत, ही मास्तरांची तक्रार. ते खुंटीवरचा एक उसवलेला ब्लेझर उलटा करतात. छातीत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास. लॅपलच्या आतून तिरके, बारीक टाके, शेकड्यानं, आणि बाहेरून एकही दिसत नाही. या टाक्यांनीच लॅपल वळतो. इस्त्रीनं दाबून मोडलेला लॅपल पहिल्या पावसात आडवा होतो. पुढच्या काळात हा कॅनव्हास चिकटवायला लागतील, गोंदाचा थर नि गरम दाब. तुम्ही ते बघितलंय. दोन पावसाळ्यांनी छातीवर उठणारे बारीक फुगे तुमच्या मेहुण्याच्या कोटावर आहेत. तुम्ही हे मास्तरांना सांगत नाही. त्यांना झोप लागणार नाही.

अस्तरावर मात्र थोडी बाचाबाची होते. तुम्हाला वाटतं पूर्ण अस्तर म्हणजे भारी काम. मास्तर डोकं हलवतात. मोकळ्या विणीचं कापड घेऊन पाठीवर आर्टसिल्कची भिंत बांधायची, मग धूर फुंकून बघितला कशाला? अस्तर खांद्यांना आणि बाह्यांना, कारण सदऱ्यावरून बाही सरकायला हवी. पाठ उघडी. "आणि हे स्वस्त पडत नाही बरं का. अस्तर नसलं की आतली प्रत्येक शिवण उघड्यावर येते. तिच्या कडा मला पायपिंग लावून बंद कराव्या लागतात. अर्ध्या अस्तराची शिलाई पूर्ण अस्तराहून जास्त घेतो मी. गिऱ्हाइकं भांडतात."

खिसे वरून लावलेले, तेही कोपरे गोल करून. खांद्यात कापसाची गादी अगदी नावापुरती. मागे दोन बाजूंना कट, मधोमध एक नको, कारण एका कटाचा कोट बसताना शेपटीसारखा फाकतो आणि तुम्हाला खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या आहेत. पुढे दोन बटणं. तिसरं हवं असेल तर लॅपलच्या वळणात दडलेलं, न लावायचं. लॅपलच्या रुंदीवर त्यांनी आपणहून सांगितलं, "यंदा अरुंद मागताहेत, सिनेमातल्यासारखा. दोन वर्षांनी आणखी काही मागतील. कॉलर आणि खांद्याचं टोक यांच्यामधल्या अंतराच्या निम्म्यावर थांबा, मग साल कुठलंही असू दे." तुम्ही कुठल्या सालातून आलात हे त्यांना माहीत नाही, तरी सल्ला चपखल बसतो.

मग बटणांचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण उघडताना कर्कश वाजतो. ओंजळभर बटणं ते पाटावर ओततात. शिंपल्याची, म्हशीच्या शिंगाची, चांदीचा मुलामा दिलेली आणि पितळी. पितळी बटणांत काहींवर नांगर आणि वर मुकुट. १९५० च्या २६ जानेवारीला मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, तेव्हा ही जुनी बटणं मोडीत निघाली, चोरबाजारात किलोवारी, नाही, शेरावारी मिळाली. काहींवर नांगर आणि सिंह आहेत. तुमचा हात आपोआप त्यांच्याकडे जातो. वजनदार, सुंदर, ठशाची कड अजून धारदार.

मास्तर तुमच्या बोटांखालून बटण हळूच काढून घेतात.

"आरमारात आहात?"

"नाही."

"बोटीवर? बंदरात? कुठल्या क्लबात?"

"नाही."

"मग हे तुमचं नाही. हे बटण कपड्याचं नसतं, नोकरीचं असतं. ज्याला मिळालंय त्यानं लावावं. कुणाचा कार्यक्रम म्हणालात तुम्ही?"

"मुलीचा. ती बोटीवर जाणार. डेकवर, अधिकारी म्हणून."

मास्तर चष्मा कपाळावर चढवतात. फोटोतल्या कटारींकडे बघतात, मग तुमच्याकडे. "मुली घेतात तिथं?"

"घेतील."

ते बराच वेळ काही बोलत नाहीत. विडी विझलीय, ती पुन्हा पेटवत नाहीत. मग डब्यातून चार मोठी आणि चार लहान बटणं निवडतात. पितळीच, पण कोरी. ना नांगर, ना मुकुट, ना नाव. तेज मुद्दाम मंद केलेलं. "मोठी दोन पुढे, दोन जास्तीची राखून ठेवा, पंचवीस वर्षांनी अशीच शोधत फिराल. लहान दोन-दोन बाह्यांना. चार-चार लावायची रीत आहे, पण त्या दिवशी चमकायचं तिनं."

पितळ खाडीच्या हवेत हिरवं पडतं आणि तो हिरवा डाग लोकरीत उतरला की निघत नाही. म्हणून मास्तर बटणं शिवत नाहीत. कापडाला बारीक गोल भोक, त्याला काजासारखा टाका, बटणाची कडी आत आणि मागून तारेचं वेटोळं अडकवलेलं. पावसाळा लागला की बटणं काढून ठेवायची, चिंचेनं घासायची, कोट कडुलिंबाच्या पाल्यात. डांबराच्या गोळ्या कसर मारतात, बुरशी नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा कपाटाचं दार उघडं टाकणं हाच इलाज.

पोऱ्या टेप घेऊन तुमच्याभोवती फिरतो, मास्तर आकडे पुकारतात आणि रजिस्टरात चढवतात. छाती, कंबर, आडवा खांदा, बाही, पाठ. उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच खाली आहे हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतं. मास्तर ते लिहून घेतात, बोलत नाहीत. कंबरेच्या आकड्यापुढे मात्र मोठ्यानं म्हणतात, "माया तीन बोटं."

"कापड सोमवारी आणून द्या. दोन वार, तीन बोटं जास्त. मी आधी ओल्या फडक्याखाली इस्त्री फिरवून आटवून घेणार, त्याशिवाय कात्री लावत नाही. ट्रायल पुढच्या शनिवारी..." ते थांबतात, 'मराठा' उचलून शेवटचं पान बघतात. "शनिवारी नाही. मी ब्रेबोर्नवर असणार, गुप्ते बघायचाय. सामना ३ डिसेंबरला संपतो. ४ तारखेला या, गुरुवारी. कच्च्या शिलाईवर बघू. पत्ता?"

"रोडपाली."

"पोस्ट?"

तुम्ही क्षणभर अडखळता. "मुक्काम रोडपाली, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा."

ते लिहितात, शाई टिपकागदानं टिपतात आणि पावती फाडून देतात. "आणि हे बघा, त्या दिवशी जे बूट घालणार आहात तेच घालून या. चपला घालून आलात तर कोटाची लांबी चुकते आणि मग बोल मला लागतो."

पोऱ्या पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावतो. क्लबचा कुणी सभासद दिसतो, पोट आधी आत येतंय.